साहेबाला सात, कारकुनाला सेलेरॉन!

फेब्रुवारी उजाडला की आमच्या कचेऱ्यांना आधुनिकतेचा झटका येतो. अकरा महिने ज्या लेखाशीर्षाची कुणाला आठवण नव्हती, त्यातला पैसा ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. मग दरपत्रके मागवली जातात, आणि त्यांत एक ओळ हमखास सापडते : ‘लॅपटॉप, आय-सेव्हन, नग अमुक.’ बस्स! कुठल्या पिढीचा, किती मेमरीचा, कोणत्या कामासाठी, याचा पत्ता नाही. यंत्रे येतात, खोक्यांना हळदकुंकू लागते, आणि वाटप होते. ते वाटप डोळे उघडे ठेवून पाहावे! आय-सेव्हन जातो साहेबांच्या दालनात. तिथे तो दिवसाकाठी चार मेल उघडतो, दोन पीडीएफ दाखवतो आणि उरलेला वेळ टेबलाची शोभा वाढवतो. बाहेरच्या खोलीत ज्या बाई दिवसभर पोर्टलवर नोंदी चढवतात, ज्यांच्या पडद्यावर एका वेळी दहा टॅब, एक्सेलच्या चार फायली आणि वरून जिल्ह्याची व्हिडिओ बैठक चालू असते, त्यांच्या पुढ्यात काय? सेलेरॉन एन४०२०. दोन कोअर, दोन थ्रेड, ४ जीबी मेमरी!

फाइल उघडेपर्यंत बाईंचा चहा निवतो. खिडकीपाशी उभा शेतकरी म्हणतो, ‘सर्व्हर डाऊन असेल.’ नाही हो, बाबा! सर्व्हर ठणठणीत आहे. डाऊन आहे ती आमची अक्कल.

गुन्हा कोणता, ते नीट नोंदवून ठेवू. या राज्यात, या देशात, लॅपटॉपचा प्रोसेसर कामाकडे पाहून दिला जात नाही, खुर्चीकडे पाहून दिला जातो. इंटेलने २००८ साली आय-सेव्हन आणला, २००९ साली आय-फाइव्ह, २०१० साली आय-थ्री. एएमडीने २०१७ मध्ये रायझन बाजारात उतरवताना तेच आकडे उचलले. कंपन्यांच्या लेखी हे आकडे दुकानातल्या मांडणीच्या सोयीचे होते. आम्ही त्यांचे चातुर्वर्ण्य केले! तीन, पाच, सात, नऊ. तीनवाल्याने पाचकडे मान वर करून पाहायचे, पाचवाल्याने सातकडे. जातीच्या जखमेची बरोबरी प्लास्टिकच्या डब्याशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण काम सोडून पायरी पाहण्याची ही खोड आमच्यात कुठून आली, हे सांगायला कुणा समाजशास्त्रज्ञाची गरज नाही.

आणि सरकारलाच का दोष द्यावा? मुलीला पहिली नोकरी लागली की बाप दुकानात जाऊन काय म्हणतो? ‘चांगल्यातला दाखवा, आय-सेव्हन.’ काम काय, तर घरून चार पत्रे लिहायची आणि मीटिंगला बसायचे. थोरल्याने फाइव्ह घेतला म्हणून धाकट्याला सेव्हन हवा. खासगी कंपन्यांतही मॅनेजर झाला की यंत्र बदलते, जणू बढतीबरोबर माणसाच्या एक्सेलचे वजन वाढते!

आता या साताच्या अंगावरची झूल उतरवू.

इंटेलच्या बाराव्या पिढीतले, २०२२ सालचे दोन प्रोसेसर घ्या : आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू. कचेऱ्यांत, दुकानांत, जुन्याच्या बाजारात हे आजही सर्रास भेटतात. पहिल्यात कोअर किती? दहा. दुसऱ्यात? दहाच. मोठे कोअर दोघांतही दोन, छोटे दोघांतही आठ. थ्रेड बारा आणि बारा. कॅशे इकडे १२ एमबी, तिकडे १२ एमबी. मूळ वीजमर्यादा दोघांची १५ वॅट. मग जास्तीचे पैसे मोजले कशासाठी? कमाल वेग एकाचा ४.४ गिगाहर्ट्झ आणि दुसऱ्याचा ४.७, यासाठी! शेकडा सातही पुरता नाही. तो वेगही टर्बोचा, म्हणजे काही क्षणांचा. पातळ लॅपटॉप तापला की दोघेही निमूट खाली येतात. चित्रे रंगवणारा भाग साताचा थोडा मोठा असतो, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. पण थकबाकीच्या नोटिसा छापणाऱ्याला त्याचा उपयोग काय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही गत; फरक इतकाच, की इथे वाळ्याचे दाम सोन्याच्या भावाने वसूल होतात.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. आय७-७५००यू हा २०१६ सालचा, सातव्या पिढीतला आय-सेव्हन. त्यात कोअर दोन, थ्रेड चार. पुढच्याच वर्षी, आठव्या पिढीत, आय५-८२५०यू या ‘खालच्या’ पाचाला चार कोअर आणि आठ थ्रेड मिळाले. आणि २०२२ चा आय३-१२१५यू, ज्याला साहेब हात लावायचे नाहीत, त्यात सहा कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पंक्तीच्या शेवटी बसवलेला हा तीन, अग्रपूजेच्या पाटावर बसलेल्या त्या जुन्या साताला हिशोबाच्या कुठल्याही कामात मागे टाकतो. तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या पेठेपर्यंत ‘आय-सेव्हन, स्वस्तात’ अशा पाट्यांखाली तो जुना सात विकला जातो आणि गिऱ्हाईक पेढे वाटत घरी जाते. दुकानदार खोटे बोलला का? मुळीच नाही. ते यंत्र आय-सेव्हनच असते! खोटी आहे ती आमची समजूत, आणि दुकानदार तिच्यावर जगतो.

या फसगतीला आता मुदतही लागून गेली आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायचे तर इंटेलचा, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तो सातव्या पिढीतला सात आज घेणारा माणूस पहिल्याच दिवशी सुरक्षेच्या कुंपणाबाहेर उभा राहतो. आणि पिढी ओळखणे इतके अवघड आहे का? आडव्या रेघेनंतरचे आकडे वाचा. ८२५० म्हणजे आठवी, १२३५ म्हणजे बारावी. चौथीतल्या पोराला जमेल असे हे वाचन खरेदी समितीला जमत नाही!

आकड्याच्या शेपटीला जे अक्षर असते, ते तर कुणी पाहतच नाही. ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी जपणारा. ‘पी’ म्हणजे २८ वॅटचा. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा, खेळ आणि व्हिडिओ संकलन करणाऱ्यांसाठी घडवलेला. ‘एचएक्स’ त्याहून भुकेला. पत्रव्यवहारासाठी ‘एच’ घेणाऱ्याला काय मिळते? जड यंत्र, पंख्याची घरघर आणि दुपारीच मान टाकणारी बॅटरी. चंद्रपूरच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या खोलीत, मांडीवर असा लॅपटॉप घेऊन ज्याने तासभर काम केले असेल त्याला या अक्षराचा अर्थ आम्ही सांगायला नको.

आकड्यांनी डोळे दिपवण्याचा हा धंदा जुना आहे. १९९१ साली इंटेलने ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम काढली आणि यंत्राच्या पोटातला एक भाग घरोघरी नावाने ओळखला जाऊ लागला. २००० साली पेंटियम ४ आला आणि मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झची शर्यत लागली. वेगाचा आकडा मोठा तो प्रोसेसर थोर, असे जगाला पढवले गेले. प्रत्यक्षात कमी गिगाहर्ट्झचे प्रतिस्पर्धी तेच काम तितक्याच वेळात उरकत होते. अखेर २००४ साली खुद्द इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला आणि कमी वेगाच्या, थंड डोक्याच्या रचनेची वाट धरली. युरोपीय आयोगाने २००९ साली याच कंपनीला १०६ कोटी युरोचा दंड ठोठावला. आरोप असा, की लॅपटॉप-संगणक बनवणाऱ्यांना सवलती देऊन तिने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली. पुढे युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये तो दंड रद्द केला, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच २००९ मध्ये इंटेलने एएमडीशी तडजोड करून १२५ कोटी डॉलर मोजले, हेही विसरता येत नाही. दुकानाच्या फळीवर कोणता डबा पुढे ठेवायचा याचे राजकारण इतके मोठे असते, आणि आमचा भाबडा ग्राहक समजतो की आपण निवड केली!

एएमडीच्या भक्तांनी इतक्यात टाळ्या पिटू नयेत. २०२२ साली त्या कंपनीने लॅपटॉपच्या प्रोसेसरांसाठी नवी नामावली काढली. पहिला आकडा विक्रीच्या वर्षाचा, आणि आतली रचना कोणत्या काळची हे सांगणारा आकडा मात्र तिसऱ्या जागी लपवलेला! रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून तुम्हाला वाटेल, सात हजारांची मालिका, म्हणजे ताजा माल. तिसरा आकडा पाहा : दोन. म्हणजे झेन २, २०१९ साली प्रथम आलेली रचना. कोअर चार. त्याच्याच शेजारी रायझन ५ ७५३०यू उभा असतो : तिसरा आकडा तीन, रचना झेन ३, कोअर सहा, थ्रेड बारा. दोघांच्या कपाळावर तोच ‘रायझन ५’चा टिळा. एका आकड्याचा फरक. पण एकावर सहा वर्षे सुखाने काम करावे आणि दुसऱ्यावर दोन वर्षांत वैतागावे, इतके अंतर. वरून त्या ७५२०यूबरोबरची मेमरी पाटावर झाळूनच येते. ८ जीबीचा घेतला की जन्मभर ८ जीबी.

याच नामावलीवर इंटेलने डिसेंबर २०२३ मध्ये एक सादरीकरण काढून यथेच्छ तोंडसुख घेतले, आणि टीका होताच ते निमूट मागे घेतले. बरे, इतका सोवळेपणा मिरवून केले काय? पुढच्याच महिन्यात ‘कोअर ७ १५०यू’ बाजारात सोडला. नाव नवे, ‘आय’ गळालेला, आणि आत तेराव्या पिढीच्याच रचनेचे दोन मोठे नि आठ छोटे कोअर! नवी रचना होती ती ‘कोअर अल्ट्रा’ या वेगळ्या नावाखाली. दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाने ‘कोअर ७’ आणि ‘कोअर अल्ट्रा ७’ यांतला भेद कुठल्या पंचांगात पाहायचा? दोन्ही कंपन्या एकाच आखाड्यातल्या. आमचा त्यांच्यावर राग आहे. पण त्यांनी माल विकावा हा त्यांचा धर्मच आहे. आम्ही डोळे मिटून घ्यावा, हा कुणाचा धर्म?

आणि इतके करून मूळ दुखणे राहते ते वेगळेच. ‘लॅपटॉप स्लो झालाय, आता आय-सेव्हनच घेऊ’ हे वाक्य कानी पडले की आमच्या अंगाची लाही होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! बाबांनो, नवे यंत्र मागण्याआधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि यंत्र अडलेले असताना पाहा, कोणता आकडा शंभराला टेकला आहे. कचेरीतल्या दहांपैकी आठ-नऊ यंत्रांत प्रोसेसर निवांत बसलेला दिसेल, असे आम्ही पैजेवर सांगतो. घाम फुटलेला असतो तो मेमरीला किंवा डिस्कला. आजचा ब्राउझर दहा-पंधरा टॅब उघडले की दोन-तीन जीबी सहज गिळतो, विंडोज स्वतः काही जीबी खाते, व्हिडिओ बैठक तिचा वाटा मागते, अँटिव्हायरस पाठीवर बसलेलाच असतो. ८ जीबी भरली की यंत्र मेमरीतला पसारा डिस्कवर टाकू लागते आणि तिथून पुन्हा उचलू लागते. डिस्क जर जुनी फिरती तबकडी असेल, किंवा स्वस्त लॅपटॉपातली ईएमएमसी, तर मग नऊ नंबरचा प्रोसेसर बसवा, तोही तोंड वासून वाट पाहत बसेल.

मायक्रोसॉफ्टचा कावाही पाहून घ्या. विंडोज ११ साठी तिची किमान अट आहे ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण. या अटीचा आधार घेऊन ४ जीबीची यंत्रे राजरोस विकली जातात. आणि तीच कंपनी २०२४ मध्ये स्वतःच्या ‘कोपायलट प्लस’ यंत्रांसाठी अट घालते १६ जीबीची! म्हणजे काय पुरते हे तिला पक्के ठाऊक आहे. किमान अट म्हणजे यंत्र सुरू होईल याची हमी. त्यावर माणूस काम करू शकेल याची हमी कुणीही दिलेली नाही.

मेमरीच्या कंजुषीने प्रोसेसरही कसा बाटतो, याचा एक नमुना देऊन हा विषय पुढे नेतो. इंटेलच्या अकराव्या ते तेराव्या पिढीतल्या पाच आणि सातवर ‘आयरिस एक्सई’ चित्रप्रणालीचा डांगोरा पिटलेला असतो. पण ती त्या नावाने कामाला येते मेमरी दोन मार्गांनी जोडलेली असेल तेव्हाच. दुकानदाराने पैसे वाचवायला मेमरीची एकच पट्टी घातली, की तेच यंत्र स्वतःला साधे ‘यूएचडी’ म्हणवून घेते आणि सुस्तावते. स्टिकर मात्र आयरिसचाच! २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भडकल्यापासून ही एक पट्टी घालण्याची हातचलाखी जास्तच मोहक झाली आहे. तेव्हा घेताना पट्टी मोजा.

आता आमचा निवाडा. पत्रे, एक्सेल, टॅली, मेल, पोर्टल, ब्राउझर आणि व्हिडिओ बैठक, एवढे ज्याचे काम आहे, त्याने पाचच्या वर जाऊ नये. इंटेलचा बाराव्या पिढीपासून पुढचा आय-फाइव्ह, कोअर ५ वा कोअर अल्ट्रा ५, किंवा रायझन ५, आणि सात हजारांच्या मालिकेत तिसरा आकडा तीन किंवा त्याहून मोठा. शेपटीला यू. मेमरी १६ जीबी, त्यात तडजोड नाही. एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी. मेमरी पुढे वाढवता येईल अशी रिकामी खाच असेल तर सोन्याहून पिवळे. पैसे कमी पडत असतील तर प्रोसेसर खाली आणा, मेमरीला हात लावू नका : सहा कोअरचा आय-थ्री १६ जीबीसह, हा ८ जीबीवर उपाशी ठेवलेल्या आय-सेव्हनपेक्षा कचेरीत शतपट बरा. एकाच खिडकीवर एकच काम, पावती फाडणे किंवा टोकन देणे, एवढेच असेल तर एन१०० हा चार छोट्या कोअरचा, ६ वॅटचा प्रोसेसरही प्रामाणिकपणे चाकरी करतो. ॲपलचा एम मालिकेतला हलका लॅपटॉप यंत्र म्हणून उत्तम आहे. पण ज्याचे पोट टॅलीवर आणि सरकारी पोर्टलांवर आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग सात कुणाला? ज्याचे काम सात मागते त्याला! नगररचना विभागात नकाशांचे थर हाताळणाऱ्याला, ऑटोकॅडवर पुलाचा आराखडा काढणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला, लाखो ओळींची आकडेवारी दळणाऱ्याला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, माहितीपट कापणाऱ्याला. तिथे हात आखडू नका. तिथे ‘एच’ द्या, ३२ जीबी द्या. तो कनिष्ठ अभियंता साहेबांच्या चार पायऱ्या खाली असेल. असू द्या! मोठे यंत्र त्याच्या टेबलावर जाईल आणि साहेब पाचवर मेल वाचतील. यात ज्या साहेबांना कमीपणा वाटेल, त्यांनी तो घरी नेऊन ठेवावा. सार्वजनिक पैशातून त्याची भरपाई होणार नाही.

एआयच्या नव्या स्टिकरबद्दल थोडक्यात. मायक्रोसॉफ्टची ‘कोपायलट प्लस’ची अट आहे सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणाऱ्या वेगळ्या भागाची, एनपीयूची. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या पहिल्या कोअर अल्ट्रा पिढीत हा भाग जेमतेम ११ च्या घरात होता. तरी त्या यंत्रांवर ‘एआय पीसी’चे बाशिंग बांधलेले होतेच! जावक क्रमांक टाकायला एनपीयू लागत नाही. आणि स्नॅपड्रॅगन एक्स? बॅटरीला फार छान, थंड, शांत. पण तो एआरएम घराण्याचा. नेहमीचे प्रोग्रॅम तो दुभाष्यामार्फत चालवून घेतो, उपकरणांचे ड्रायव्हर मात्र त्या दुभाष्याला पेलत नाहीत. जुना प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन : यांचा एआरएमचा ड्रायव्हर आहे का, हे विचारल्याशिवाय तलाठ्याच्या हाती असे यंत्र देणे म्हणजे सातबाऱ्यावरची सही अडकवून ठेवणे.

‘अहो, पण पुढच्या पाच वर्षांचा विचार करायला नको का?’ हा युक्तिवाद आम्ही इतक्यांदा ऐकला आहे, की आता तो ऐकताना ऐकणाऱ्यालाच म्हातारपण येते. करा ना विचार! पाच वर्षांत यंत्र म्हातारे होते ते मेमरी कमी पडल्याने, बॅटरी गेल्याने, बिजागरी तुटल्याने आणि कीबोर्डची अक्षरे पुसल्याने. शेकडा सातच्या वेगाने म्हातारपण टळत नाही. सात न घेतल्याने वाचलेले दहा-पंधरा हजार त्या नोंदी करणाऱ्या बाईंच्या टेबलावर एक मोठा दुसरा पडदा ठेवण्यात घाला. एका पडद्यावर अर्ज, दुसऱ्यावर पोर्टल. चूक कमी, मान सुखी. हा खर्च कुठल्याही निविदेत आम्ही अजून पाहिला नाही, कारण पडद्यावर आकड्याचा स्टिकर नसतो!

दुसरे रडगाणे : ‘आमच्याकडे तांत्रिक माणूस नाही.’ वा! ज्या कारकुनाकडून एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागून घेता, त्यालाच विचारा की एकदा. त्याच्या यंत्राची खरेदी ठरते तेव्हा त्याला बैठकीच्या दाराबाहेर का उभे करता? जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या शालेय पोर्टलांची माहिती रात्री जागून भरतो; कोणत्या पायरीवर यंत्र मरते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

आणि खरी मेख इथेच आहे. ‘आय-सेव्हन’ एवढेच लिहिलेली निविदा ही सर्वांत कमी दर भरणाऱ्याला दिलेली खुली सनद असते. तो सगळ्यांत जुना सात शोधतो, त्यात सगळ्यांत कमी मेमरी झाळून घेतो, सगळ्यांत फिका पडदा लावतो, आणि कागदोपत्री अट तंतोतंत पाळतो! त्याला पकडणार कसे? त्याने फसवलेच नाही. ढोबळ अट लिहिणाऱ्याने जनतेला फसवले. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमावलीतला नियम १४४ स्पष्ट सांगतो की वस्तूचे गुणविशेष कार्यालयाची मूळ गरज भागवतील असेच असावेत. खर्च फुगवणारी अनावश्यक भर त्यांत नसावी. साहेबांच्या मेलसाठी घेतलेला आय-सेव्हन ही अनावश्यक भर नव्हे तर काय? लेखापरीक्षक पंचवीस रुपयांच्या टाचण्यांचे बिल उलटेपालटे करून पाहतात. त्यांनी एकदा तरी विचारावे, की या यंत्राचा पूर्ण क्रमांक काय आणि ज्याला दिले त्याचे काम काय.

आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक निविदेत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक किंवा त्याची पिढी आणि शेपटीचे अक्षर, मेमरी किती व ती किती पट्ट्यांत, डिस्क कोणत्या जातीची, हे लिहिलेच पाहिजे. यंत्राचे वाटप पदनामावर न होता कामाच्या यादीवर झाले पाहिजे, आणि ती यादी काम करणाऱ्याने लिहिलेली असली पाहिजे. दुकानदारांनाही आम्ही सोडणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा आणि मानक जाणून घेण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. बिलावर नुसते ‘आय-फाइव्ह लॅपटॉप’ लिहिणाऱ्या दुकानदाराला त्याच पावलावर परत फिरवा. पूर्ण क्रमांक लिहायला त्याला अर्धी ओळ लागते.

आणि कचेऱ्यांना वठणीवर आणण्याचे काम वाचकांनी स्वतः अंगावर घ्यावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या नगरपालिकेला, पंचायत समितीला, विद्यापीठाला एवढेच विचारा : गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या प्रत्येक लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल क्रमांक, त्यातली मेमरी, त्याची किंमत, आणि तो ज्याला दिला त्या कर्मचाऱ्याचे पदनाम. चार रकाने, बस्स. आलेली उत्तरे आमच्याकडे पाठवा. कार्यालयाच्या नावासकट ती आम्ही याच पानावर छापू, आणि ज्या कार्यालयाने उत्तर दिले नाही त्याचे नाव त्याहून मोठ्या टाइपात छापू.